फेकला कोणी?

तर झालं असं. थँक्सगिव्हिंगचा दिवस. डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या माणसाला त्या दिवशी दोन गोष्टी चुकत नाहीत, टर्की आणि लायन्सची मॅच. पैकी टर्की आमच्याकडे नसते. सौ. मसालेभात आणि मठ्ठा करते आणि आजवर एकाही पाहुण्यानं तक्रार केलेली नाही. मॅच मात्र असते. १९३४ साली सुरू झालेली ही प्रथा, मधली काही वर्षं सोडली तर अजून चालू आहे.

यंदा मेहुणा शिकागोहून सहकुटुंब आला होता. त्याची लेक नोटर डेम विद्यापीठातून शिकून बाहेर पडली, तेव्हापासून हा स्वतःच तिथला माजी विद्यार्थी असल्यासारखा वागतो. डोक्यावर टोपी त्यांची, गाडीवर स्टिकर त्यांचा, आणि बोलण्यात सारखं 'आमचं'. मॅचमध्ये कुणीतरी चाळीसेक यार्डांचा देखणा पास टाकला आणि पठ्ठ्या ताक पिता पिता म्हणाला, "हे सगळं आमच्या नूट रॉकनीनं शोधून काढलं बरं का! १९१३, आर्मीविरुद्ध. त्याआधी फॉरवर्ड पास नावाची चीजच नव्हती. त्यानं तो कॅच घेतला आणि फुटबॉल बदलला."

आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे. त्यांनी फोनमधून डोकं वर काढलं. "मामा, रॉकनीनं कॅच केला ना? मग फेकला कोणी?"

"असेल कोणीतरी क्वार्टरबॅक," मेहुणा म्हणाला आणि वाटीत आणखी भात वाढून घेतला.

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. पण ते 'असेल कोणीतरी' माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. क्रिकेटवर वाढलेली माणसं आपण. आपल्या स्कोअरकार्डात 'झे. अमुक, गो. तमुक' असं लिहितात. गल्लीतल्या वहीतसुद्धा दोन्ही नावं असतात. झेल घेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि चेंडू टाकणाऱ्याच्या जागी 'असेल कोणीतरी' लिहायचं, असा स्कोअरर आमच्या आळीत एक दिवस टिकला नसता. पाहुणे गेल्यावर वाचायला बसलो, आणि पुढचे तीन आठवडे त्यातच गेले. मेहुण्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. तेव्हा हे उत्तर तुझ्यासाठीच, पण जाहीर.

फेकला गस डोरेनं.

वाचताना एखाद्याला ओळखीतले कोणी डोरे आठवतील. हे त्यांचे कोणी नव्हेत. हा फ्रेंच वळणाच्या आडनावाचा माणूस, विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स गावात १८९१ साली जन्मलेला. खरं नाव चार्ल्स एमिल. कॉलेजात मित्रांनी गुस्ताव डोरे या फ्रेंच चित्रकारावरून 'गस' पाडलं आणि तेच चिकटलं. उंची साधारण पाच फूट सात इंच, वजन पासष्ट किलोच्या आसपास. आजच्या फुटबॉलमध्ये या अंगकाठीच्या पोराला पाण्याच्या बाटल्या भरायला उभं करतील. हा नोटर डेमचा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आधी येतो आणि पुढची चाल कोणती हे जो ठरवतो, तो. १९१२ साली डोरे संघाचा कप्तान होता, १९१३ साली रॉकनी.

आता मेहुण्याच्या पहिल्या वाक्याकडे येऊ. 'त्याआधी फॉरवर्ड पास नव्हताच.' साफ चूक. १९०५ सालच्या मोसमात अमेरिकेत हा खेळ खेळताना अठरा-एकोणीस मुलं मेली. माणसांचा ढीग एकमेकांवर आदळायचा आणि ढिगाखालून चेंडू पुढे ढकलायचा, असा तेव्हाचा खेळ. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून 'खेळ सुधारा' म्हणून सांगितलं. कुठे बंदीची भाषा होती, कुठे सुधारणेची. त्या रेट्यातून जे नवे नियम झाले, त्यांतला एक म्हणजे १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी. म्हणजे पास हा कुणा एका हुशार पोराच्या डोक्यातून निघालेला नाही. पोरं मरत होती म्हणून तो आला.

आणि त्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९०६ला, विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सननं पहिला कायदेशीर पास टाकला. तो कुणाच्याच हाती लागला नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याकडे गेला. पण त्याच सामन्यात रॉबिन्सननं पुन्हा टाकला आणि जॅक श्नायडरनं तो घेऊन टचडाऊन केलं. त्यांचा प्रशिक्षक एडी कोकम्स. त्या मोसमात ते अकराच्या अकरा सामने जिंकले. आर्मीच्या सामन्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट आहे ही. मग हे कुणाला का माहीत नाही? कारण साधं आहे. वॉकेशाला न्यूयॉर्कच्या पेपरांचे वार्ताहर नव्हते. वेस्ट पॉइंटला होते.

बरं, रॉकनी बिचाऱ्यानं स्वतः हे श्रेय कधी लाटलं नाही. सेंट लुईसच्या लोकांनी हे आधी केलं होतं असं त्यानं नंतर लिहून ठेवलंय. त्याच्या भक्तांनाच ते वाचायला वेळ नाही.

मग १९१३ ला नक्की काय झालं? त्या उन्हाळ्यात डोरे आणि रॉकनी ओहायोत सीडर पॉइंटला, ईरी सरोवराच्या काठी सुट्टीतलं काम करायला गेले. जाताना चेंडू घेऊन गेले. कामातून वेळ मिळाला की वाळूत एकजण धावायचा आणि दुसरा फेकायचा. कितीही वेगानं धावलं तरी चेंडू पावलांच्या लयीत हातात येऊन पडला पाहिजे, याचा घोटून घोटून सराव. धावणारा रॉकनी. फेकणारा डोरे. १९१२ साली नियम आणखी सैल झाले होते. पास वीस यार्डांपेक्षा लांब टाकायला असलेली बंदी उठली होती. म्हणजे दार उघडं होतं, आत जायला कुणीतरी हवं होतं.

१ नोव्हेंबर १९१३. वेस्ट पॉइंट. त्या वर्षी आर्मीचा संघ नऊ सामने खेळला आणि त्यांपैकी हा एकच हरला. नोटर डेम ३५, आर्मी १३. मध्यंतराला फक्त १४-१३ होतं, म्हणजे सामना काही एकतर्फी नव्हता. डोरेचे आकडे सगळीकडे छापलेले सापडतात, १७ पैकी १४ पास पूर्ण, २४३ यार्ड. चेंडू तेव्हा आजच्यापेक्षा गुबगुबीत होता, हातात नीट मावायचा नाही, हे लक्षात घ्या. आणि नुसतं फेकणंच नव्हतं. पास अडवायला आर्मीचे लोक मागे पांगले की डोरे चेंडू रे आयकनलाबच्या हाती द्यायचा आणि तो रेड्यासारखा मधून घुसायचा. ते मधे गोळा झाले की पुन्हा पास. समोरच्याला सतत चुकीच्या जागी उभं करायचं, हा खेळ डोक्यानं खेळायचा असतो, आणि मैदानावर ते डोकं त्या पाच फूट सात इंच पोराचं होतं. त्या वर्षी तो ऑल-अमेरिकन ठरला, नोटर डेमचा पहिला सर्वसंमत ऑल-अमेरिकन. हा सामना ठरवणारे प्रशिक्षक जेसी हार्पर. त्यांचंही नाव तुला माहीत नव्हतं ना? मलाही नव्हतं.

इथे मेहुण्यानं फोनवर (हो, वाद फोनवर चालूच होता) हुकमाचा एक्का काढला. "पण दाजी, रॉकनी पुढे केवढा मोठा कोच झाला! १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. डोरेनं काय केलं? इतिहास जिंकणाऱ्यांचाच असतो."

रॉकनीचे आकडे मला मान्य आहेत. १९१८ ते १९३० या तेरा मोसमांत त्यानं जे केलं त्याला तोड नाही, आणि ३१ मार्च १९३१ला कॅन्ससमध्ये विमान कोसळून तो गेला तेव्हा देश हळहळला. पण माझं म्हणणं नीट ऐक. रॉकनी मोठा प्रशिक्षक होता म्हणून १९१३चा पाससुद्धा त्याच्याच खात्यावर कसा जमा होतो? ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्यालाच लोक आणखी देत जातात. १९४० साली सिनेमा आला, पॅट ओब्रायन रॉकनी झाला, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन त्यात जॉर्ज गिप. तो पाहून उठणाऱ्याची समजूत होते की समुद्रासारख्या सरोवराच्या काठावर रॉकनीला साक्षात्कार झाला. मेहुण्या, तुझा सगळा इतिहास त्या सिनेमातून आलाय. आपण शिवाजी महाराजांवरचे सिनेमे पाहून 'असं नव्हतं हो' म्हणत तावातावानं भांडतो, आणि इथे येऊन हॉलिवूडचं मुकाट्यानं मान्य करतो!

आता 'डोरेनं काय केलं' याबद्दल. १९१४ साली दोघं पदवी घेऊन बाहेर पडले. एक जागा होती आयोवातल्या डब्यूक कॉलेजात मुख्य प्रशिक्षकाची, दुसरी नोटर डेमलाच हार्परच्या हाताखाली. असं सांगतात की दोघांनी नाणं उडवलं. डोरे जिंकला आणि डब्यूकला गेला. रॉकनी हरला आणि मागे राहिला. नाणेफेकीची गोष्ट अक्षरशः खरी असो की रंगवलेली, झालं तेच. मोठी जागा डोरेला मिळाली, आणि मोठं नाव मागे राहणाऱ्याचं झालं. म्हणून 'जिंकणाऱ्यांचा इतिहास' हे वाक्य मला पटत नाही. इतिहास जिंकणाऱ्यांचा कमी आणि योग्य इमारतीत बसलेल्यांचा जास्त असतो.

कसं ते सांगतो. डोरे डब्यूकला १९१७ पर्यंत होता. मग सैन्य. १९१९ साली एक मोसम रॉकनीचा मदतनीस. काल ज्याच्या हातात आपण चेंडू टाकत होतो त्याच्या हाताखाली! त्याबद्दल त्यानं कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही. मग १९२० ते १९२४ वॉशिंग्टन राज्यातलं गोन्झागा. तिथला त्याचा एक विद्यार्थी रे फ्लाहर्टी पुढे व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक होऊन प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि मग १९२५ पासून १९४२ पर्यंत अठरा मोसम आमच्या डेट्रॉईट विद्यापीठात. ११३ विजय, ४८ पराभव, ७ बरोबरी. १९२८ साली तर नऊपैकी नऊ. १९३७ मध्ये देशभरातल्या उत्तम कॉलेज खेळाडूंचा संघ व्यावसायिक विजेत्यांविरुद्ध खेळायचा होता. त्याआधी तो संघ एकदाही जिंकला नव्हता. डोरेच्या हाताखाली त्यांनी ग्रीन बे पॅकर्सना ६-० हरवलं, तेही सॅमी बॉच्या एका पासवर. पास टाकणाऱ्यानं पास टाकणाऱ्याला ओळखलं, दुसरं काय.

मग हे सगळं गेलं कुठे? गोन्झागानं १९४१ च्या मोसमानंतर फुटबॉल बंद केलं. डेट्रॉईट विद्यापीठानं १९६४ नंतर. आता जिथे संघच नाही तिथे जुन्या प्रशिक्षकाचा फोटो कोण लावणार? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कुणाच्या नावानं टाळ्या होणार? नोटर डेममध्ये घरच्या सामन्यांना पाऊण लाखाहून जास्त माणसं येतात, रॉकनीची आठवण काढायला आयती सभा भरते. डोरेनं अठरा वर्षं जे बांधलं त्याचं स्कोअरबोर्डसकट कुलूप लागलं. यात त्याच्या प्रशिक्षणाचा काय दोष?

मेहुण्याचा शेवटचा मुद्दा लायन्सचा. "तुमच्या लायन्सला त्यानं बुडवलं की!" १९४३ ते १९४७, २० विजय, ३१ पराभव, २ बरोबरी. बेरीज बरोबर आहे, पण बेरीज सांगून माणूस सांगता येत नाही. १९४२ साली, तो यायच्या आधी, लायन्स अकरापैकी अकरा सामने हरले होते. शून्य विजय! युद्ध चालू, धडधाकट पोरं सगळी सैन्यात. अशा संघाला त्यानं पहिल्या वर्षी ३, दुसऱ्या वर्षी ६ आणि तिसऱ्या वर्षी ७ विजय मिळवून दिले. मग १९४६ मध्ये एकच विजय आणि १९४७ मध्ये तीन. शेवटची दोन वर्षं वाईट, यात वाद नाही, आणि मी त्याची वकिली करून ती झाकणार नाही. पण चढताना कुणी पाहिलं नाही आणि उतरताना सगळ्यांनी मोजलं, हा कुठला न्याय?

एक गंमत मात्र मनात राहिली. ७ नोव्हेंबर १९४३ला डेट्रॉईटमध्ये चिखलानं भरलेल्या मैदानावर लायन्स आणि न्यूयॉर्क जायंट्सची मॅच ०-० सुटली. एनएफएलमध्ये त्यानंतर आजपर्यंत एकही सामना शून्य-शून्य सुटलेला नाही. ज्यानं पासचं सामर्थ्य पूर्वेकडच्या पेपरांना दाखवलं, तो त्या दिवशी कडेला उभा राहून दोन्ही बाजूंचे चेंडू चिखलात घरंगळताना बघत होता. डोरे जानेवारी १९५४ मध्ये गेला. त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, खेळाडू म्हणून.

मी या शहरात बावीस वर्षं राहतोय. त्यानं इथे तेवीस मोसम काढले. आणि मला 'असेल कोणीतरी' म्हणणाऱ्याला उत्तर देता आलं नाही. याचीच जास्त लाज वाटली.

आणि अजून एक. आत्या, नाना, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. अण्णांनी तालुक्याच्या शाळेत ३१ वर्षं मुलामुलींना खो-खो शिकवला. सकाळी सहाला हातात चुन्याची बादली घेऊन ते स्वतः मैदान आखायचे. खांबाजवळ सूर कसा मारायचा, पळणाऱ्याचे खांदे बघून तो कुठे वळणार हे कसं ओळखायचं, हे सगळं मी त्यांच्या तोंडून ऐकलंय. ती शाळा काही वर्षांपूर्वी बंद पडली. मी सुट्टीत गेलो तेव्हा ऑफिसच्या काचेच्या कपाटातले कप कुठे गेले म्हणून विचारलं. भंगारात, असं उत्तर मिळालं. त्यांच्या हाताखालची एक मुलगी पुढे मोठ्या संघात गेली, तिच्या सत्कारात भाषणं झाली, शिकवलं कुणी हे कुणी विचारलं नाही. अण्णा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. घरी येऊन म्हणाले, "पोरगी चांगली बोलली." बस. तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला ते अल्पसंतुष्ट वाटले होते. मेहुण्याशी भांडताना माझा आवाज एवढा का चढला, हे मला दोन दिवसांनी कळलं.

अण्णांना राग आला नाही, डोरेलाही आला नसावा. पण त्यांना राग आला नाही म्हणून आपण नावं विसरायला मोकळे झालो, असं थोडंच आहे? 'प्रसिद्धीची हाव नव्हती हो त्यांना' हे आपण फार प्रेमानं म्हणतो, आणि ते म्हणून झालं की आपलं काम संपलं असं समजतो. नाव घ्यायला काय लागतं? एक वाक्य. रॉकनीनं झेलला, डोरेनं फेकला. सांगताना तीन सेकंद जास्त जातात आणि रॉकनीचं त्यात काही कमी होत नाही.

मेहुण्यानं शेवटी फोनवर एवढं कबूल केलं, की पुढच्या थँक्सगिव्हिंगला तो गोष्ट दोन्ही नावांसकट सांगेल. बदल्यात मसालेभातात काजू जास्त हवेत म्हणाला. मंजूर.

आणि ब्लॉगर मंडळी, एके काळी आपण एकमेकांना खो द्यायचो, आठवतंय? कुणी आवडत्या कवितांचा, कुणी पुस्तकांचा. बरीच वर्षं कुणी दिलेला नाही. आज मी देतो. तुम्हाला पोहायला, तबला, वेलांटी, काहीही शिकवलेल्या आणि आता कुठेही नाव नसलेल्या एका माणसावर लिहा. नाव लिहायला संकोच वाटला तर गावाचं नाव लिहा. मी अण्णांवर सविस्तर लिहीन, पुढच्या पोस्टमध्ये. चुन्याच्या बादलीपासून सुरुवात करेन.

खो!